भात्याचा कोपरा

भरमाप्पा हुक्केऱ्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला त्याला सहा वर्षं होत आली होती, आणि ही गोष्ट अख्ख्या कोल्हापुरात एकाच माणसाला ठाऊक होती. ते माणूस म्हणजे त्यांची बायको, निर्मला.

मिरजकर तिकटीजवळच्या एका बोळात त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान. पेटी म्हणजे हार्मोनियम. दुकान भरमाप्पांच्या वडिलांनी काढलेलं, आणि भजनी मंडळांपासून गाण्याच्या क्लासपर्यंत सगळ्यांच्या पेट्या तिथंच यायच्या. भरमाप्पांचा कान असा, की भाता दोनदा हलवला की कुठली रीड, म्हणजे सुराची पितळी पट्टी, बसलीय आणि हवा कुठून गळतेय ते गिऱ्हाइकाचं पाणी पिऊन होईपर्यंत सांगून मोकळे. पण सांगणं वेगळं आणि करणं वेगळं. एके दिवशी रीड घासताना त्यांचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर फिरायला लागली, तंबाखू मळावी तशी. जन्मात त्यांनी तंबाखूला हात लावला नव्हता. कोल्हापुरात डॉक्टर काय कमी होते? पण बाकड्यावर कुणी ना कुणी ओळखीचं भेटणार, म्हणून दोघं मिरजेला गेली. तिथल्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं आणि घड्याळ लावून दिवसातून चार वेळा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या दिवसापासून दुकानाची वाटणी झाली. पुढच्या टेबलाशी भरमाप्पा, उजवा हात मांडीखाली दाबून. आतल्या खोलीत निर्मला. कातडं चिकटवणं, पट्ट्या साफ करणं असली बारीकसारीक कामं ती आधीपासून करत होतीच. आता त्यांनी तिला सगळंच शिकवलं. केसाएवढी रीड घासली तर सूर किती चढतो, पितळ कुठल्या आवाजाला दमतं, सगळं. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की भरमाप्पांचं नाव पूर्वीपेक्षा जास्त झालं. लोक म्हणायचे, वय वाढलं तसा ह्यांचा हात आणखी हलका झाला. खोटं वाईट वठलं असतं तर कधीच संपलं असतं. ते चांगलं वठलं, आणि निर्मला त्यात अडकली.

कारण आता तिला हलताच येईना. गडहिंग्लजला भाच्याच्या लग्नाला दोन दिवस गेली, तर भरमाप्पांना ताप आलाय म्हणून दुकान बंद ठेवावं लागलं. बंगळूरला दिलेली लेक सुष्मिता महिनाभर राहायला ये म्हणून मागं लागायची, आणि निर्मला दर वेळी नवीन कारण काढायची. शेवटी लेकीनं समजून घेतलं की आईला जावयाचं घर आवडत नाही. निर्मलानं तिला तसं समजू दिलं. नवऱ्याची लाज राखायची तर लेकीचा राग सोसायला हवा, एवढा साधा हिशोब होता, आणि तो तिनं एकटीनं मनाशी मांडला होता. भरमाप्पांनी कधी तसं मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर एखादे दिवशी नाही तरी म्हणता आलं असतं.

गेल्या नोव्हेंबरात दुकानात धैर्यशील सर आले. हे निवृत्त शिक्षक, गावातल्या एका जुन्या दगडी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी सांगितलं, की चर्चमध्ये शंभर वर्षांपूर्वी मिशनऱ्यांनी बोटीनं आणलेला पाइप ऑर्गन आहे. भिंतीएवढं लाकडी कपाट, त्यात दोनेकशे शिशाच्या नळ्या, खाली मोठा भाता. वीस-बावीस वर्षं तो मुका आहे. त्याच चर्चमध्ये वाढलेली प्रियदर्शनी चोपडे जर्मनीत नऊ वर्षं ऑर्गन शिकून परत आलीय, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिला तो वाजवायचाय. नळ्या तिनं येऊन बघितल्या, त्या ठीक आहेत. हवा भरायची विजेची मोटारही चालते. भाता मात्र फाटलाय. भात्याचा माणूस कोण म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

आतल्या खोलीत निर्मलाच्या हातात रीड तशीच राहिली. ते नाही म्हणतील असं तिला वाटत होतं.

"भाता तो भाताच की," भरमाप्पा बाहेर म्हणाले. "पेटीचा असूं दे न्हायतर घराएवढा. करूया की."

सर गेल्यावर ती बाहेर आली आणि एवढंच विचारलं, की त्या कपाटात शिरायचं कुणी. भरमाप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले, आपण दोघं जाऊ.

काम चालू असताना कुणी आत यायचं नाही, अशी अट भरमाप्पांनी घातली. कारागिराची लहर म्हणून सरांनी ती कौतुकानं मान्य केली. ऑर्गनच्या मागच्या अंगाला एक अडीच फुटी दार होतं, बाहेरून कडी असलेलं. त्यातून आत गेलं की एका बाजूला भाता, एका बाजूला भिंत, आणि मधे गुडघे छातीशी घेऊन बसण्याइतकी जागा. निर्मला पहिल्या दिवशी कमरेपर्यंत आत गेली आणि तशीच मागं आली. तिचं माहेर मळ्यातलं, रात्रीची सुद्धा खिडकी उघडी लागणारी बाई ती. बराच वेळ ती फरशीवर बसून राहिली. भरमाप्पांनी घाई केली नाही. त्यांनी दारात फतकल मारली आणि आत काय असेल ते तिला सांगायला लागले. आयुष्यात त्यांनी असलं यंत्र पाहिलं नव्हतं. पण पेटीवरून ताडून सांगत होते, इथं हवा येत असंल, इथनं वर जात असंल, तिथं वजनं ठेवली असतील. त्या आवाजाचा दोर धरून ती दुसऱ्यांदा आत गेली. त्यांनी सांगितलेलं बहुतेक सगळं तिथं होतं.

चार आठवडे ती रोज आत जात राहिली. मेंढीचं पातळ कातडं कापायचं, कडा धारदार पात्यानं तासायच्या, गरम सरस लावून भात्याच्या घडीवर बसवायचं, आणि ते धरेपर्यंत तळहातानं दाबून ठेवायचं. सासूबाई असत्या तर कातड्याच्या हातानं उंबरा ओलांडू दिला नसता. सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली, तरी निर्मला घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय गळ्यातल्या लिंगाला हात लावत नव्हती.

भात्याला आठ कोपरे होते. सात तिनं नवे केले. आठवा अगदी मागं, भिंतीशी. तिथं नीट हात पोचायचा तर वरची लोखंडी वजनं काढून भाता पुढं सरकवावा लागणार होता, आणि त्याला चार माणसं लागणार होती. चार माणसं आली की काम कोण करतंय ते बघणार. तिनं हे भरमाप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तो कोपरा धरंल. धरणार नाही हे तिला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत असणार. तिनं जुन्यावरच एक पट्टी चिकटवली आणि बाहेर आली.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी प्रियदर्शनी आली. चाळिशीच्या आतली, केस बारीक कापलेली, बोलणं अजून अस्सल इथलं. ती बाकावर बसली, कुठल्या नळ्या वाजायच्या ते ठरवणाऱ्या दोन-चार खुंट्या ओढल्या आणि वाजवू लागली. निर्मला सरसाचं भांडं हातात घेऊन मागं उभी होती. महिनाभर ज्याच्या पोटात ती वावरत होती त्याला आवाज कसला असेल, याचा तिनं विचारच केला नव्हता. पेटीचा सूर माणसाच्या गळ्याशेजारी बसतो. हा सूर फरशीतून वर आला आणि आधी तिच्या पोटऱ्यांना लागला.

वाजवून झाल्यावर प्रियदर्शनीनं भरमाप्पांना समजावून सांगितलं. हे तीनशे वर्षांपूर्वीचं जर्मनीतलं संगीत, ह्याला बरोक म्हणतात. ह्यात एक आवाज चाल सुरू करतो. ती संपायच्या आत दुसरा तीच चाल दुसऱ्या पट्टीत उचलतो, मग तिसरा, मग खाली पायांनी चौथा. पुढचा थांबत नाही, मागचा घाई करत नाही. ती भरमाप्पांकडं बघून बोलत होती, सगळेच तसं बोलायचे. पण समजलं ते निर्मलाला. तिच्या माहेरी वडील कानडी बोलायचे आणि आई मराठी. दुपारी वडील ओसरीवरून विचारायचे, "ऊट आयता?" तेच आई चुलीपाशी विचारायची, जेवलास काय. मग आत्या परसातून, मग धाकटी चुलती माडीवरून, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि सगळ्या घरातून तेच एक वाक्य फिरत राहायचं. ते घर आता भावांनी पाडून बांधलंय. तिला ते सगळं सांगावंसं वाटलं, पण विचारणारं कुणी नव्हतं.

रविवारी संध्याकाळी साडेपाचला चर्च भरलं. चर्चची मंडळी होतीच, शिवाय गाण्याच्या क्लासवाले, कॉलेजातले प्राध्यापक, आणि नुसतं काय आहे ते बघू म्हणून आलेले लोक. त्यांत सयाजी वस्ताद होते. वस्ताद ऐंशीच्या पुढचे. कुस्तीत कान मोडून घड्या पडलेल्या, आणि वयानं ऐकणंही जवळजवळ गेलेलं. त्यांच्या तालमीच्या भजनाची पेटी भरमाप्पांकडं असायची, म्हणून ते आले होते. आमच्या भरमाप्पाचं काम हाय, असं दारातच सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून ते ऑर्गनच्या लाकडी कपाटाला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसले. ऐकू येत नाही त्याला जागा कुठलीही सारखीच.

सुरू व्हायला वीस मिनिटं असताना प्रियदर्शनी मागं आली आणि भरमाप्पांना हळूच म्हणाली की हवा पडतेय, मोठे सूर धरत नाहीत. करतो, असं ते म्हणाले. ती साडी बदलायला गेली. निर्मलानं दार उघडून बॅटरी मारली. आठव्या कोपऱ्याचं जुनं कातडं डिसेंबरच्या कोरड्या हवेनं तडकून चिरलं होतं. सरस लावून धरायला वेळ नव्हता. एकच उपाय होता. तिनं कातड्याचा एक तुकडा घेतला, पदर खोचला आणि भिंत आणि भाता यांच्यामधून सरपटत थेट मागच्या कोपऱ्यात गेली. चिरेवर कातडं ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबलं. हवेची सूं सूं थांबली.

दार उघडं ठेवलं तर मोटारीची घरघर बाहेर जायची, आणि ते दार नुसतं लोटलं तर राहत नव्हतं. भरमाप्पांनी वाकून सांगितलं, "पयलं वाजवून झालं की उघडतो." कडी लागल्याचा आवाज झाला. लगेच धैर्यशील सर त्यांना शोधत आले आणि दंडाला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेले.

अंधार असा होता की डोळे मिटले काय आणि उघडे काय. पहिली रचना सुरू झाली. बाहेर बसलेल्यांना सूर ऐकू येत होते. निर्मलाला ते यायच्या आधी कळत होते. प्रियदर्शनीनं मोठा सूर घेतला की भाता क्षणभर आधी बसायचा, तिच्या तळव्यांखाली खचायचा, आणि मग वरून आवाज यायचा. भाता खाली गेला की तिला हात खाली न्यावे लागत, वर आला की वर. एखाद्या झोपलेल्या जनावराच्या बरगडीवर हात ठेवून बसावं तसं ते होतं. सुरुवातीची पाच-सात मिनिटं ती भीती विसरली.

मग पहिली रचना संपली. टाळ्या झाल्या. कडी उघडली नाही. दुसरी सुरू झाली.

पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस मधेच उठून ऑर्गनच्या मागं कसा जाणार, हे तिला कळत होतं. गोळीची वेळ सहाची आणि आता सहा वाजून गेले असणार, हेही कळत होतं. पण छातीला ते कळत नव्हतं. घाम पापण्यांवर आला, पुसायला हात नाही. पाय बधिर झाले. श्वास अर्ध्यातच तुटायला लागला. दुसऱ्या रचनेत खाली एकच सूर लांबलचक धरून ठेवलेला होता. त्याच्यावर दोन आवाज एकमेकांमागून वर चढायचे, वळायचे, पुन्हा त्याच सुराशी येऊन पडायचे. त्यांना बाहेर जायला वाटच नव्हती. निर्मलाला वाटलं, हे कुणी लिहिलं असेल त्याला माहीत होतं. घर, दुकान, गोळ्या, मांडीखालचा हात, लेकीचा फोन. कुठूनही निघालं तरी परत तिथंच.

आणि तेव्हा तिच्या मनात आलं की हात काढावेत. नुसते काढावेत, बस्स. हवा जाईल, ऑर्गन रेड्यासारखा रेकून बंद पडेल, लोक धावत येतील, दार उघडतील आणि बघतील कोण आहे आत. काही सांगावं लागणार नाही, सहा वर्षं एका क्षणात संपतील. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिचा डावा हात खरंच सैल पडला. तिनं काढला की तो दमून घसरला, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

सूर झोकांडी खाऊन खाली आला. सगळ्या नळ्यांचा आवाज एकदम दबला. आणि त्याच वेळी, वर, खुंट्या एकामागून एक आत जाण्याची खटखट तिला ऐकू आली. प्रियदर्शनी थांबली नाही. तिनं मोठ्या नळ्या बंद केल्या आणि बासरीसारख्या बारीक नळ्यांच्या एकाच रांगेवर ती चाल पुढं नेली. तेवढीच हवा पुरेल अशी. ती वाट बघत होती. आत माणूस आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण ती हवेची वाट बघत होती. निर्मलानं त्या एका बारीक सुराकडं कान लावला. तो एवढा एकटा होता, की त्याला टाकून देववेना. तिनं कुशीवर होऊन डावा हात पुन्हा कोपऱ्यावर नेला, कातडं सारखं केलं, आणि वरून खांदा टेकवून सगळं अंग त्याच्यावर घातलं. भाता हळूहळू फुगला. वर एक खुंटी बाहेर आली. मग दुसरी. मग सगळ्या.

शेवटची रचना तिनं खांद्यानं ऐकली. श्वास कधी सुरळीत झाला ते तिला समजलं नाही. भात्याबरोबर होत होता तेवढं खरं.

टाळ्या पत्र्यावर गारा पडाव्यात तशा वाजल्या, आणि थांबेनात. त्यानंतर भाषण. धैर्यशील सर सांगत होते की ज्या हातांनी ह्या मुक्या वाद्याला श्वास दिला, त्या हातांचा सत्कार. पुन्हा टाळ्या. शाल, श्रीफळ. मोटार बंद झाली, भाता वजनांखाली बसला, आणि तिनं हात काढले. ते उघडत नव्हते. ती सरपटत दारापाशी आली आणि थांबली.

बऱ्याच वेळानं बाहेर पावलं आली. कडी खडखडली, थांबली. पुन्हा खडखडली. लोखंडावर लोखंड बारीक बारीक वाजत राहिलं, पण कडी सरकत नव्हती. निर्मलानं तो आवाज ओळखला. गोळी चुकली होती. आतून ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यांचा हात आणखी थरथरला असता. अंधारात बसून ती नुसतं ऐकत राहिली, आणि त्या सबंध संध्याकाळीत तिला सगळ्यात जड गेलं ते हे ऐकणं.

मग दुसरी पावलं आली, आणि प्रियदर्शनीचा आवाज. "सरका काका, मी बघते." कडी एका झटक्यात निघाली.

भरमाप्पा शाल पांघरून उभे होते, नारळ काखेत, आणि उजवा हात शालीबाहेर हलत होता. प्रियदर्शनीनं तो हात बघितला, मग दारातून रांगत बाहेर येणाऱ्या बाईकडं बघितलं. निर्मलाला उभं राहता येईना. प्रियदर्शनी खाली बसली आणि विचारलं, की तुम्ही होता आत, पूर्ण वेळ? निर्मला म्हणाली, कोपरा उघडला होता, ह्यांनी सांगितलं तसा धरून बसले. प्रियदर्शनीनं तिचे तळवे उलटे करून पाहिले. कातड्याच्या कडेचा वळ दोन्हींवर उमटला होता.

"मधे हवा पडली तेव्हा मला वाटलं संपलं," ती म्हणाली. "मग परत आली. यंत्राची हवा अशी परत येत नाही."

रिक्षातून घर जवळ आल्यावर भरमाप्पा म्हणाले, कडी निघंना. निर्मला म्हणाली, माहीत हाय.

दोन दिवसांनी धैर्यशील सर दुकानात आले आणि लोकांनी फोनवर पाठवलेले निरोप त्यांनी मोठ्या हौसेनं वाचून दाखवले. एका बाईंनी लिहिलं होतं, की वडील गेल्यापासून रडू आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं. साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअरानं लिहिलं होतं, की झोप येईल म्हणून मागं बसलो आणि घरी जाईपर्यंत कुणाशी बोलू शकलो नाही. पण निम्म्याहून जास्त लोकांनी एकाच जागेबद्दल लिहिलं होतं. मधेच सगळा गजर थांबून एक बारीक सूर एकटाच उरतो, आणि मग हळूहळू सगळं परत भरून येतं, ती जागा. कुणाच्या अंगावर काटा आला होता. कुणाला वाटलं होतं की रचनाकारानं ती जागा देवासमोर एकटं उभं राहण्यासाठी ठेवलीय. आतल्या खोलीत निर्मला कातड्यावरचा हात थांबवून ऐकत होती. तिला हसू येत होतं, आणि कुणाला सांगावं तर कुणी नव्हतं. सर भरमाप्पांचा हात हातात घ्यायला गेले. भरमाप्पांनी डावा पुढं केला.

सर दुकानाच्या पायरीवर चपला घालत असतानाच सयाजी वस्ताद आले. खुर्चीत बसले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बोलू लागले. म्हणाले, मला काय ऐकू येत न्हाय, हे तुला माहीत हाय. पण मी हात त्या लाकडावर ठेवलता. सगळं हातात येत हुतं. पायातबी येत हुतं. असलं कधी बघितलं न्हाय. मग ते पुढं वाकले.

"मधी एकदा दम सुटला. मग कुणीतरी तो परत धरला. मी साठ वर्षं पोरांच्या छात्या बघितल्यात भरमाप्पा, दम सुटणं मला कळतं. आत माणूस हुता. कोण हुता?"

भरमाप्पा हळू आवाजात म्हणाले, "माझी बायको."

"आं?" वस्तादांनी मोडक्या कानामागं हात धरला.

भरमाप्पांनी पुन्हा सांगितलं. वस्तादांना पुन्हा ऐकू गेलं नाही. भरमाप्पांनी आतल्या खोलीकडं पाहिलं, मग मांडीखालचा हात काढून टेबलावर ठेवला, जसा हलत होता तसाच, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"माझी बायको हुती. तिथंच न्हाय, हितंबी. सहा वर्षं समदं काम तीच करती. माझा हात गेलाय."

समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. दुकानाच्या पायरीवर सर वळून उभे राहिले. वस्तादांनी त्या थरथरत्या हाताकडं पाहिलं, त्यावर आपला जाड पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवून बसले. निर्मला आतून बाहेर आली नाही. तिनं सरसाखालचा गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

ह्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. भरमाप्पा आठ दिवस दुकानात आलेच नाहीत. एका भजनी मंडळानं आपली पेटी काही न बोलता मिरजेला हलवली. कुणी तेल आणून दिलं, कुणी नृसिंहवाडीला सात गुरुवार करायला सांगितलं, आणि आता ज्याला त्याला भरमाप्पांचा हात बघायचा असायचा. सुष्मिताला कुणाकडून तरी कळलं. तिनं फोन केला, आईवर चिडली, आणि चिडता चिडता रडायला लागली. शनिवारी सकाळी ती जावयासकट दारात उभी राहिली. मायलेकी दुपारभर स्वयंपाकघरात होत्या. भरमाप्पा ओसरीवर एकटे बसून होते, आणि जावयानं न विचारता त्यांच्या सदऱ्याची गुंडी लावून दिली. तिथून पुढं ते दुकानात यायला लागले.

जानेवारीत प्रियदर्शनीचा फोन आला. पुण्यात एका चर्चमध्ये असाच ऑर्गन होता आणि त्याचा भाता निर्मलाशिवाय कुणाकडं द्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. पंधरा दिवस या, राहायची सोय करते. फोन ठेवल्यावर भरमाप्पा म्हणाले, "जा की." ते मनापासून म्हणाले होते, यात शंका नव्हती. पण चार वेळच्या गोळ्या, सकाळची अंघोळ, ताटातली भाकरी मोडून देणं, हे पंधरा दिवस कोण करणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही तो विषय काढला नाही. तिनं प्रियदर्शनीला सांगितलं, की मला येता येणार नाही, भाता सोडवून इकडं पाठवा.

भाता टेम्पोतून आला. तो आतल्या खोलीच्या दारातून जाईना, म्हणून पुढंच, रस्त्याला लागून, दोन बाकड्यांवर ठेवावा लागला. एकोणीस दिवस निर्मला तिथं बसून काम करत होती. येणारे जाणारे थांबून विचारायचे, की वैनी हे काय, आणि भरमाप्पा त्यांना हवा कुठून येते आणि कुठं जाते ते समजावून द्यायचे. वस्ताद तर रोज येऊन एक कोपरा दाबून बघायचे. आठही कोपरे तिनं नवे केले.

पुण्यातला कार्यक्रम मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी होता. प्रियदर्शनीनं सुरू व्हायच्या आधी फोन लावला आणि तो बाकावर उघडा ठेवून दिला. निर्मलानं दुकानात तो कानाशी धरला. फोनमध्ये खालचे सूर येतच नाहीत. वरचे तेवढे, पत्र्याच्या डब्यात दाणे हलवल्यासारखे. फरशीतून काही आलं नाही. तरी तिनं फोन ठेवला नाही. मधे गोळीची वेळ झाली, तेव्हा तिनं फोन खांदा आणि कान यांच्यामधे धरला आणि दोन्ही हातांनी गोळी फोडून पाण्याचा तांब्या भरमाप्पांच्या ओठाला लावला. काय वाजवतीय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पायांचा, चौथा आवाज यायचाय अजून, थांबा.